आपल्याजोगं घर लवकरच कळवू

रिलवान अलाबीच्या जुन्या वेबसाइटवर ओग्बातल्या दोन खोल्यांच्या घराच्या छपरावर हातभर बर्फ साचलेला होता. बर्फ, आणि तोही लागोसमध्ये! जिथं माणूस अंघोळ करून शर्टाची बटणं लावेपर्यंत पुन्हा घामानं भिजतो, तिथं. घरापुढच्या हिरवळीवर निळ्या डोळ्यांचं एक कुटुंब दात काढून उभं होतं. त्याखाली रिलवान स्वतः, काळा चष्मा लावून, कोणाच्या तरी गाडीला टेकलेला.

इदारा उडोफियानं फोन त्याच्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, "ओगा, हे घर कुठल्या गल्लीत आहे? मला बर्फ बघायचाय."

ओगा म्हणजे साहेब. पण लागोसमध्ये हा शब्द मानानंही म्हणतात आणि टोचूनही. रिलवानला कळलं नाही की कळूनही लागलं नाही, देव जाणे. तो हसला. ओग्बा बाजारामागे टपरीएवढं त्याचं ऑफिस, दारावर 'अलाबी आणि मंडळी' अशी पाटी, आणि मंडळी म्हणजे तो एकटाच. बाकी भांडवल हसण्याचंच.

"नमुन्याचं चित्र आहे ते, मॅडम. लोकांना बघून बरं वाटतं."

"बरं वाटतं म्हणून येतात, आणि खरं घर बघून शिव्या घालत जातात. परत कोणी येतं का?"

"तेच तर रडगाणं आहे. म्हणून तर तुला बोलावलं."

इदारा एकतीस वर्षांची. उयोहून लागोसला येऊन तिला नऊ वर्षं झाली होती. दुकानांच्या, शाळांच्या, एका दंतवैद्याच्या वेबसाइट करून ती आपलं पोट भरत होती आणि धाकट्या बहिणीची फीही. राहायला मात्र स्वतःचं छप्पर नव्हतं. उफुओमा नावाच्या मैत्रिणीच्या एका खोलीत ती दीड वर्षं राहत होती, आणि महिन्याच्या एकोणतीस तारखेला उफुओमाचं लग्न होतं. लग्नानंतर नवरा, एजिरो, त्याच खोलीत येणार. तिघांनी एका खोलीत राहायचं म्हणजे कोणाला तरी बाहेर जावं लागणार, आणि ते कोणाला हे सांगायला ज्योतिषी नको होता.

चार महिन्यांत इदारानं चौदा घरं पाहिली होती. चौदा वेळा एजंटला घर दाखवण्याची फी मोजली, चौदा वेळा उन्हात चालली, आणि चौदाही ठिकाणी पाण्याआधी, भाड्याआधी एकच प्रश्न आला: नवरा कुठंय? नवरा नाही म्हटलं की घरमालकाचं तोंड असं व्हायचं, जणू तिनं पायताणासकट देवघरात पाऊल टाकलं. मग आठवायचं की हे घर कालच कोणाला तरी दिलंय. त्या चौदांपैकी पाच घरं रिलवाननंच दाखवली होती, आणि पाचही ठिकाणी आत काय होणार हे त्याला बाहेरच ठाऊक होतं. तरी फी घेतली होती बेट्यानं.

म्हणून सौदा ठरला तो असा. इदारानं वेबसाइट करून द्यायची, पैसे घ्यायचे नाहीत. बदल्यात रिलवाननं तिला इफाकोच्या चढावरचं ओडुन्सीबाबांचं मागचं घर मिळवून द्यायचं, कमिशन न घेता. हिरव्या फाटकाचं घर. दोन छोट्या खोल्या, नळाला पाणी, स्वतंत्र मीटर, आणि पूर्वेच्या खिडकीखाली बरोबर एक टेबल मावेल एवढी जागा. इदारानं ती जागा वितीनं मोजून ठेवली होती.

"तुझं घर ठरलं म्हणजे ठरलं," रिलवान छातीवर हात ठेवून म्हणाला. "ओडुन्सीबाबा मला मुलासारखं मानतात."

आता मुलासारखं मानणारे बाबा लागोसमध्ये गल्लोगल्ली असतात. पण गरजवंताला अक्कल नसते.

तिनं कामाला हात घातला तो मात्र मनापासून. पहिल्याच दिवशी तिनं बर्फ पुसला. निळ्या डोळ्यांची माणसं घालवली, रिलवानचा काळा चष्माही उतरवला. मग त्याला समोर बसवून सांगितलं, "भाडेकरूला छप्पर बघायचं नसतं. नळाला पाणी येतं का, मीटर स्वतःचा की शेजाऱ्याशी सामायिक, पावसात गल्ली तुंबते का, शेजारच्या जनरेटरचा धूर कुठल्या खिडकीतून आत येतो, हे त्याला बघायचं असतं. ते दाखव. जे आहे ते दाखव, नाहीतर माझं नाव यात घालू नकोस."

रिलवाननं टेबलावर थाप मारली. "इथं दिसतं तेच मिळतं! हेच लिही. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत."

तिनं लिहिलं. मग सत्तावीस घरं ती पायी फिरली. प्रत्येक घरात नळ सोडून पाणी वाहताना टिपलं. जिथं फुस्स झालं तिथं फुस्सही टिपलं. अगेगेच्या एका गल्लीत भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर पुराची रेघ होती, तिचाही फोटो घेतला. पान हलकं ठेवलं, कारण फोनमधला डेटा संपत आलेल्या माणसालाच घर शोधायचं असतं. फोन नंबर एवढा मोठा ठेवला की चष्मा विसरलेल्या आजोबांनाही दिसावा. काम उत्तम झालं होतं.

आणि मग तिनं स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

"ओगा, लोकांना उगाच उन्हातान्हात नेऊ नकोस," ती म्हणाली. "ज्या घरात नकार ठरलेलाच आहे तिथं नेऊन फी कसली घेतोस? साइटवर एक फॉर्म ठेवू. माणूस आपली माहिती भरेल, मालकाच्या अटींशी ती जुळली तरच घर बघायला जायचं. खेप वाचेल बिचाऱ्यांची."

रिलवान डोळे बारीक करून ऐकत होता. फी बुडणार हे त्याला दिसलं. पण घरमालकांचा दारातला वैतागही वाचणार होता, आणि घरमालक खूश तर घरं जास्त. "चालेल. पण एक आहे. नकाराचं कारण सांगायचं नाही."

"का?"

"घरमालक म्हणजे माझा देव, बाई. देवाला कोणी विचारतं का, असं का केलंस म्हणून? थोरामोठ्यांची नावं खराब होतात. गोड बोलून वाटेला लावायचं."

इदारानं ते मानलं. आता हे सांगायला जीभ जड होते, पण मानलं. उलट, 'नाही' हा शब्द किती लागतो हे तिला चौदा वेळा कळलं होतं, म्हणून अर्धा तास बसून तिनं एक मऊ ओळ जुळवली. 'आपल्याजोगं घर लवकरच कळवू. आपला दिवस चांगला जावो.' स्वतःवर खूश झाली. वाटलं, निदान कोणाचं मन तरी दुखणार नाही.

अटी रिलवाननं एकगठ्ठा पाठवल्या. सत्तावीस घरमालकांचे सत्तावीस व्हॉइस मेसेज, जसेच्या तसे. घरमालक मंडळी लिहीत नाहीत, बोलतात. एक बाई म्हणत होत्या, "वकील नको. वकिलाला घर दिलं की मरेपर्यंत कोर्टात." एकांना पोलीस नको होता, एकांना सैनिक. एकांना वरच्या मजल्यावर उखळात कंद कुटणारं कोणी नको होतं, कारण मागच्या भाडेकरणीनं कुटून कुटून खालचं छत उकललं होतं. एकांना एका जमातीचा माणूस नको, दुसऱ्यांना नेमका त्या पहिल्यांच्या जमातीचा नको. बारा जणांना एकटी बाई नको होती. ओडुन्सीबाबांचा आवाज त्या सगळ्यांत मवाळ. प्रार्थना म्हणावी तसे ते म्हणाले होते:

"रिलवान, बाळा, नवरा नसलेली बाई नको. नवरा नसलेली बाई म्हणजे कुलूप नसलेलं दार. कोण येतं, कोण जातं, आणि भाडं खरं कोण भरतं, देवाला ठाऊक."

इदारानं तो निरोप दोनदा ऐकला. तिची कानशिलं तापली. मग तिनं तो शब्दन् शब्द लिहून काढला, अट म्हणून नोंदवला आणि स्वतःची समजूत घातली: रिलवाननं शब्द दिलाय, आपलं ठरलंय, हे इतरांसाठी आहे. नियम दुसऱ्यांसाठी असतात असं फक्त मोठ्या लोकांनाच वाटतं असं थोडंच आहे?

सोमवारी साइट सुरू झाली. रिलवाननं माल्टच्या थंड बाटल्या आणि पफ-पफ म्हणजे तळलेले गरम गोड गोळे मागवले, शेजारच्या दुकानदारांना बोलावून फोन हातोहात फिरवला. नळाचं पाणी बघून लोकांनी टाळ्या वाजवल्या. गर्दी पांगल्यावर तो बोटांचं तेल पुसत म्हणाला, "इदारा, तुझाही फॉर्म भरून टाक. रीतसर असलेलं बरं."

तिनं भरला. हिरव्या फाटकाचं घर. नाव, काम, माणसं एक. नवरा: नाही. पाठवा.

मांडीवरचा तिचा फोन लगेच वाजला. 'आपल्याजोगं घर लवकरच कळवू. आपला दिवस चांगला जावो.'

काही क्षण तिला वाटलं, काही चुकलंय. मग कळलं की काहीही चुकलेलं नाही. तिनं जसं बनवलं होतं तसंच ते चालत होतं. फार छान चालत होतं! तिची स्वतःची गोड ओळ तिच्याच तोंडावर दार आपटून गेली होती, आणि वर दिवस चांगला जावो म्हणत होती. किती घाण वाटते ती ओळ वाचायला, हे लिहिताना तिला समजलं नव्हतं. निदान त्या चौदा जणांनी तोंडं तरी वाकडी केली होती.

"ओगा."

रिलवान छताच्या पंख्याकडे बघत होता. लाईट नव्हती, पंखा बंद होता, तरी बघत होता.

"ओगा, तू बोलला होतास ना बाबांशी?"

"बोललो. नाही म्हणाले. काय करू? म्हातारा माणूस, स्वभाव आहे."

"कधी बोललास?"

"झाले... दोन आठवडे."

दोन आठवडे! दोन आठवडे ती सत्तावीस घरांचे नळ सोडत हिंडत होती आणि हा तिच्या तोंडाला पानं पुसून गप्प बसला होता.

"अगं, चिडतेस काय? उपाय आहे," तो खुर्ची पुढे ओढून म्हणाला. "एखादा नवरा आण. भाऊ आण, चुलतभाऊ आण, कोटबीट घालून. दोन तासांचं काम. मी स्वतः तीन बायकांना नवरे मिळवून दिलेत. एकीनं तर त्याच्याशीच लग्न केलं पुढं."

"दोन तासांची साइट केली का मी तुझी?" इदारा उठली. "भाड्याचा नवरा दाखवला की मी सभ्य, आणि खरं बोलले की कुलूप नसलेलं दार! वा रे तुमची सभ्यता!"

ती तशीच तडक इफाकोच्या चढावर गेली. हिरवं फाटक उघडं होतं. ओडुन्सीबाबा ओट्यावर बसून वर्तमानपत्र वाचत होते. कस्टममधून निवृत्त झालेले, पांढरी दाढी, इस्त्रीचा कुडता. इदारानं गुडघे टेकून नमस्कार केला. तिच्या गावाकडे बायका गुडघे टेकत नाहीत, पण बाबांच्या लोकांत टेकतात, आणि घर मागायला गेलेल्या माणसाचे गुडघे लवकर वाकतात.

बाबांनी तिला बसवलं, पाणी दिलं, विचारपूस केली. फार सज्जन माणूस. तिनं आपलं सगळं सांगितलं: काम काय, कमाई किती, दोन वर्षांचं भाडं आगाऊ देण्याची तयारी. ते मान डोलावत राहिले आणि शेवटी म्हणाले, "पोरी, तू चांगली दिसतेस. पण गल्ली काय म्हणेल?"

"बाबा, तुम्हाला मुलगी आहे?"

म्हाताऱ्याचा चेहरा फुलला. "मोरेनिके. अबुजाला असते. मोठ्या हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे. तुझ्याच वयाची असेल."

"लग्न झालंय?"

"नाही अजून. पण हुशार पोर, आपल्या पायावर उभी आहे."

"मग तिला घर कसं मिळालं?"

"अगं, काय सांगू!" बाबांनी वर्तमानपत्र मांडीवर आपटलं. त्यांचा आवाज खरोखर तापला. "सहा महिने वणवण केली तिनं. एकटी म्हणून एकानं दारात उभं केलं नाही. काय माणसं असतात! शेवटी मी स्वतः गेलो, दोन दिवस त्या घरमालकाच्या ओट्यावर बसलो, माझी सही दिली, तेव्हा मिळालं. माझ्या मुलीला! इतकी शिकलेली!"

इदारा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. वाटलं, आता कळेल यांना, आता. पण आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. बाबांनी उसासा टाकला, पेपर उलगडला आणि म्हणाले, "तू एखादा भाऊ घेऊन ये, पोरी. मग बघू."

घरी उफुओमा लग्नाची कापडं मोजत होती. सगळ्या पाहुण्यांनी घालायचं एकाच जांभळ्या रंगाचं कापड खोलीभर पसरलं होतं, इदाराच्या अंथरुणावरही. हकीकत ऐकून उफुओमा म्हणाली, "माझ्या एजिरोला ने दोन तास. परत मात्र आण हं, शनिवारी लग्न आहे माझं."

इदाराला हसू आलं, आणि हसता हसता रागानं डोळे भरले. "आणि मग पुढच्या बाईला कोण? तिच्यासाठीही एजिरोच? त्या फॉर्मनं आज दिवसभरात किती जणींना माझी ती गोड ओळ पाठवलीये, माहितीये? एकोणीस. मोजल्या मी. एकोणीस जणी बसल्यात वाट बघत, की लवकरच कळवतील."

तिनं कापडं बाजूला सारली आणि लॅपटॉप उघडला.

काम फार नव्हतं. अटी एकाच ठिकाणी नोंदवलेल्या होत्या आणि फॉर्म तिथूनच वाचत होता. तिनं एवढंच केलं की पानालाही तिथूनच वाचायला लावलं. प्रत्येक घराच्या फोटोखाली, पाणी, मीटर, रस्ता यांच्या खाली आणखी एक ओळ उमटली: घरमालकाची अट, घरमालकाच्याच शब्दांत. नाव कोणाचं नाही, गाळलेलं काही नाही, पदरचं काही नाही. मग तिनं आपली मऊ ओळ पुसली. तिथं लिहिलं: 'हे घर आपल्याला मिळणार नाही. कारण वरच्या अटीत आहे. आपली खेप वाचावी म्हणून आधीच सांगत आहोत.' आणि त्या एकोणीस जणींना तिनं हीच ओळ पुन्हा पाठवली, माफी मागून.

सकाळी रिलवानचा फोन आला तेव्हा तो हसत नव्हता. "हे काय करून ठेवलंस? काढ! माझा धंदा बुडवशील!"

"सगळ्यात वर काय लिहिलंय, ओगा?"

"ते सोड. आधी काढ!"

"वाच ना. इथं दिसतं तेच मिळतं. तूच थाप मारली होतीस टेबलावर. नळ कोरडा असला तर कोरडा दाखवायचा, मग माणूस कोरडा असला तर का लपवायचा? पासवर्ड तुझ्याकडे आहे. लाज वाटत असेल तर तुझ्या हातानं काढ."

त्यानं काढलं नाही. लाजेचा प्रश्नच नव्हता. दुपारपर्यंत त्याचा फोन तापून बंद पडायची वेळ आली. लोक ती पानं एकमेकांना पाठवत होते, हसत होते, चिडत होते, आणि घरंही मागत होते. वेळ आणि फी फुकट न घालवणारा एजंट त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. दोन घरमालकांनी रागानं आपली घरं काढून घेतली. वकील नको म्हणणाऱ्या बाईंना त्यांच्या भाचीनं फोन केला. ती वकील होती. बाईंनी अट मागे घेतली आणि रिलवानला शिव्या घातल्या. रिलवाननं शिव्या खाल्ल्या आणि नवीन गिऱ्हाईक मोजलं.

इदाराला मात्र घर मिळालं नव्हतं. शनिवार चार दिवसांवर आला. तिनं दोन पिशव्या बांधून ठेवल्या. कुठं न्यायच्या ते ठरलं नव्हतं.

बुधवारी रिलवाननं तिला ऑफिसात बोलावलं. ती पोचली तर ओडुन्सीबाबा तिथल्या एकमेव चांगल्या खुर्चीत बसले होते, पायघोळ अंगरख्याच्या बाह्या खांद्यावर दोन्हीकडे टाकून. इदारानं नमस्कार केला. उभ्यानं.

"तूच ना ती?" बाबांचा आवाज आता मवाळ नव्हता. "माझी बेअब्रू करणारी? मी तुला पाणी पाजलं आणि तू माझ्या फाटकाखाली असलं लिहिलंस?"

"मी नाही लिहिलं, बाबा. तुम्ही बोललात."

"मी असं बोललो नाही!"

इदारानं फोन काढला आणि टेबलावर ठेवला. रिलवान हात जोडून नको नको करत होता. तिनं बटण दाबलं. 'नवरा नसलेली बाई म्हणजे कुलूप नसलेलं दार...' मवाळ आवाज, प्रार्थनेसारखा, त्या टपरीत घुमला. बाबा स्वतःचा आवाज शेवटपर्यंत ऐकत बसले. मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मोरेनिकेचा फोन आला होता," ते खाली बघत म्हणाले. "तिच्या हॉस्पिटलातल्या मुलींनी तिला दाखवलं. त्या हसत होत्या. तिनं फाटक ओळखलं. लहानपणी तिनंच रंगवायला मदत केली होती मला." त्यांनी मांडीवरची टोपी उलटी केली. "म्हणाली, बाबा, तुमच्या घरात मी चालले नसते."

बाहेर जनरेटर चालू होता. इदाराला म्हाताऱ्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचा राग आला. कारण बाबांचा पुढचा शब्द हाच होता: "ते काढून टाक."

"काय काढू?"

"ती ओळ. फोटोखालची."

"फोटोखालची ओळ वेगळी नाहीये, बाबा. तुमची अट जिथं नोंदवलीय तिथूनच पान ती वाचतं. अट असेल तोवर ओळ दिसणार. ओळ घालवायची तर अटच काढावी लागेल. सांगा, काढू?"

"नुसती ओळ नाही का लपवता येत?" रिलवान मध्येच पुटपुटला.

"येते," इदारा म्हणाली. "मला येते. पण मी लपवणार नाही. दुसरा कोणी गाठ."

रिलवाननं बाबांकडे पाहिलं, बाबांनी टोपीकडे. मग बाबा म्हणाले, "काढ."

"अट?"

"अट. काढ म्हणतो ना!"

तिनं काढली. हिरव्या फाटकाखाली पाणी, मीटर आणि रस्ता एवढंच उरलं. मग त्यांच्यासमोरच तिनं फॉर्म पुन्हा भरला. माणसं एक. नवरा: नाही. फोन वाजला: 'घर बघायला या.' तिनं तो बाबांसमोर धरला.

रिलवानला तर हर्षवायूच झाला. "बघितलंस? म्हटलं नव्हतं तुला, बाबा मला मुलासारखं मानतात!" त्यानं खणातून छापील करारनामा ओढला, झरझर नाव भरलं, पेन पुढे केलं. घर तर इदारानं आधीच वितीनं मोजलं होतं. ती सही करायला वाकली.

तिच्या नावाखाली आणखी एक रिकामी रेघ होती. बाबांनी त्या रेघेवर बोट ठेवलं. "इथं राहिलं. वडील, नाहीतर भाऊ. नुसती रीत म्हणून."

इदारानं वाचलं. 'स्त्री भाडेकरू असल्यास पुरुष हमीदाराची सही.' छापील होतं. रिलवानच्या करारनाम्यावर वर्षानुवर्षं छापलेलं होतं, आणि बोट ठेवणारे बाबा ते अगदी सहज म्हणाले होते, पाणी घे म्हणावं तसं.

"माझे वडील अकरा वर्षांपूर्वी गेले," ती म्हणाली. "भाऊ नाही. भाडं मी भरते. सही मी करणार, एकच."

"अगं, नुसती रीत..."

"ठीक आहे." तिनं पेन खाली ठेवलं. फोन उचलून त्या रेघेवर धरला आणि फोटो काढला. "रीत असेल तर ही ओळही पानावर येईल. हिरव्या फाटकाखाली. मोरेनिकेताई बघतीलच."

ओडुन्सीबाबांचं बोट त्या रेघेवरच होतं. त्यांनी ते हळूच उचललं. मग दुसऱ्या हातानं पेन घेतलं आणि रेघेवर काट मारली. एकदा, मग पुन्हा, मग कागद फाटेल इतकी जोरात तिसऱ्यांदा.

"झालं?" ते म्हणाले. "आता तरी तो फोन खाली ठेव."

"आधी माझी सही होऊ दे, बाबा," इदारा म्हणाली, आणि एका हातात फोन तसाच धरून तिनं दुसऱ्या हातानं आपलं पूर्ण नाव लिहिलं.